दोनच होऊ द्या

पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर गोजराबाई अंगणवाडी सेविका म्हणून लागली, तेव्हा एकेका घरात सहा-सात पोरं होती. नागलीची भाकर मोडून मोडून पुरवायची आणि शेवटच्याच्या वाट्याला नुसती पेज यायची. गोजराबाईला कारण सरळ दिसत होतं. खाणारी तोंडं जास्त.

दोन मुली झाल्यावर तिनं स्वतः कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. सासू वर्षभर तिच्याशी बोलली नाही. मग ती घरोघर फिरू लागली. "दोनच होऊ द्या, दोघं पोटभर जेवतील," हे ती इतक्या मनापासून सांगायची, की बाया तिच्यासोबत जीपमध्ये बसून शिबिराला यायच्या. परतल्यावर त्यांच्या घरचं पाणीसुद्धा तीच भरायची.

वीस-बावीस वर्षांत पाड्यावर दोनाच्या वर पोरं असलेलं घर विरळा झालं. पोरांची वजनं मात्र वाढेनात. दर महिन्याला ती एकेकाला वजनकाट्याच्या झोळीत टांगायची आणि तक्त्यावरच्या कुपोषणाच्या लाल पट्ट्यात टिंब द्यायची. उतारावरची माती पावसागणिक वाहून गेलेली. नागली चार महिनेही पुरत नव्हती. दिवाळी झाली की सगळे दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला निघायचे. बाया दिवसभर बागेत राबायच्या, पोरं बांधावर चहा-बिस्किटांवर राहायची. द्राक्षं खोक्यांत बसून परदेशी जायची.

सुवर्णा तिच्या शेजारची. दोन मुलींवर थांबायला ती तयार नव्हती. गोजराबाईनंच तिला आणि तिच्या नवऱ्याला, मंगळूला, राजी केलं होतं. गेल्या माघात बागेवर त्यांच्या धाकटीला ताप आला. अंगात काही उरलंच नव्हतं, तीन दिवसांत गेली. दीड वर्षाची पोर, साडेसहा किलोची.

गोजराबाई भेटायला गेली. सुवर्णा रडत नव्हती.

"बाई, तुम्ही म्हणल्या व्हत्या, कमी असली की पोटभर मिळंल."

"म्हणले व्हते."

"मंग?"

गोजराबाईनं कोपऱ्यातला हंडा उचलला आणि पाणी भरून आणलं.

पुढच्या महिन्यात तालुक्याला सेविकांची बैठक झाली. साहेबांनी पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला. माणसं आठशे कोटींच्या वर गेलीत, म्हणाले. ती आटोक्यात आली तरच भूक मिटेल. इतक्या वर्षांत बैठकीत कधी तोंड न उघडलेली गोजराबाई उभी राहिली.

"साहेब, आमच्या पाड्यावर पोरं कमी झाली. भूक व्हती तेवढीच हाय."

"तुमचा पाडा म्हणजे जग नाही, ताई," साहेब शांतपणे म्हणाले. पडद्यावर पुढचं चित्र आलं. जाताना प्रत्येकीच्या हातात शिबिराला न्यायच्या बायकांची यादी पडली.

यादीतल्या घरांना ती गेली. ऑपरेशनचं सांगितलं, कारण बाळंतपणांनी पिचून मेलेल्या बाया तिनं पाहिल्या होत्या. जेवणाचं काही बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

दिवाळीनंतर टेम्पो आला. सुवर्णा आणि मंगळू बोचकी घेऊन निघाले, सोबत थोरली आरोही.

"हिला माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," गोजराबाई म्हणाली.

"अन् त्यांना?" सुवर्णानं टेम्पोत बसलेल्या पोरांकडे पाहिलं. अकरा होती.

मंगळूनं आरोहीला वर चढवलं, फाळका लावला. टेम्पो घाटाकडे वळला. ती अंगणवाडीत आली आणि उरलेल्या चार पोरांपुरती खिचडी टाकली.