पोळ्याचा मान आणि पसाभर कोंडा

शेजारच्या घराण्यानं माझ्या घराण्याला फसवलं. पोळ्याला वेशीतलं तोरण तोडण्याचा मान माझा होता, तो त्यांनी पळवला. आणि तोही मी स्वतः शोधून आणलेल्या कागदावर.

मी कळंबच्या बैलबाजारातला दलाल. वडिलांनी मागं काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते रुमालाखाली बोटं दाबून, बैलांचे भाव ठरवून मिळवलेलं. निजामाचं राज्य गेलं तसे आमच्या गावचे मानकरी देशमुखही गाव सोडून हैदराबादला गेले. आता तोरण तोडून वेशीतून जाणारा पहिला बैल कुणाचा? पंचायतीनं ठरवलं, जुन्यात जुनं घराणं ज्याचं, त्याचा. पुरावा मात्र सरकारी हवा. ज्या राज्याच्या नावानं गाव कालपर्यंत बोटं मोडत होतं, त्याच राज्याचा कागद एका रात्रीत गंगाजळाइतका पवित्र झाला.

तालुक्याच्या कचेरीत आजोबांच्याही आधीच्या शिरगणतीची उर्दू पानं होती. एका म्हाताऱ्या मुन्शींना ती वाचायला बसवलं.

"मालक, तुमच्या घरात एकच बाई दिसते, बेवा, नवरा गेलेली. औलाद न्हाय."

"नीट वाचा!"

"किती बी नीट वाचलं तरी तिला लेकरू व्हईना, मालक. तुमच्या पणजोबांचं नाव शेजारच्या घरात हाय. थोरला ल्योक म्हणून."

घरी येऊन आत्याला विचारलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "त्याच्या आधीची समदी लेकरं गेली व्हती. ह्यो तरी जगावा म्हणून शेजारणीला पसाभर कोंड्यावर इकला. राहिला आपल्याच घरी, पर नावाला तिचा. शिरगणतीवाला दारात आला तवा तीच म्हणाली, ह्यो माजा. आपली म्हातारी गप बसली. यमाच्या कानावर गेलं असतं तर?"

यम फसला. सरकारी कारकून तर यमाहून भोळा.

मारुतीच्या पारावर पंच बसले. शेजारच्या घरातले थोरले काका कागद ऐकून खुशीत आले. "म्हंजी तुझं घर तवाच बुडालं की! मग तू कुठनं उगवलास रं?" गाव हसलं. माझं डोकं फिरलं, पण सौदा अर्धा सोडून उठायची मला सवय नाही.

"काका, कागद खरा ना?"

"देवावानी खरा."

"मग माझा पणजा तुमच्या घरातला थोरला, आणि थोरली शाखा माझी. मान मला द्या, अन् तुमच्या विहिरीकडच्या रानात माझा वाटा पण काढा."

काकांनी तोंडातलं पान थुंकलं. "आरं, कोंड्यावर घेतलेलं पोर वारस असतंय व्हय? लेकरू जगावं म्हणून करायची रीत हाय ती, येड्या!"

"रीत खरी, तर तो माझ्या घरचा. मग माझं घर बुडालं कुठं?"

काका सरपंचांकडं बघायला लागले. सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला आणि निवाडा दिला, "मानाला कागद धरायचा, जमिनीला रीत." म्हणजे कागदात माझं घर बुडालेलं म्हणून मान काकांच्या घराचा, आणि रीतीनं कोंड्यावरचं पोर वारस नाही म्हणून रानही त्यांचंच. असला निवाडा देणाऱ्याला बैलबाजारात कुणी दोर धरायलाही उभं करणार नाही. गावानं मात्र माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरात असलीच कोंड्यावर विकलेली माणसं होती आणि सगळ्यांना आपापल्या रानाची काळजी होती.

त्या पोळ्याला काकांचा बैल पुढं गेला. मीच त्यांना विकलेला बैल! एका पायानं अधू आहे, हे मला ठाऊक होतं, त्यांना अजून कळलेलं नाही. माझी खिलारी जोडी, शिंगांना बेगड लावलेली, त्याच्या मागं, त्याच्याच मंद चालीनं वेशीतून आली.

सरपंच, माझा पणजोबा मानापुरता त्यांच्या घरात जन्मला आणि रानापुरता माझ्या घरात, हे कसं, ते सांगा. शिरगणती खरी असेल तर विहिरीकडचं रान मोजून द्या. खोटी असेल तर तोरण माझं. पंच बोलवा, पारावर बसा आणि चार माणसांदेखत एकच काय ते बोला.