प्रबुद्ध वकिलाच्या शेजारची सीट

तुमचा वकील शेवटचं नवं काय शिकला, हे कधी विचारलंय त्याला? फी विचारता, तारीख विचारता. हे नाही विचारत. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत फिरणारी बाई.

शिनोलीच्या प्रबुद्ध वकिलाला विचारावं लागत नाही. पुण्यात वकिलांसाठी अभ्यास परिषद असली की शनिवारी पहाटेची एसटी पकडून तो जातो. एकटाच. पंचेचाळिशीचा गडी, आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. दोन दिवस जायचं तर कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. देणार कुणाकडे?

कोर्टाबाहेरच्या टपरीवर सुनील वकील त्याची हजेरी घेतो. "काय राव, निघाले का शाळेत? पाटी घेतली?"

"घेतली. तुमी पण चला, सीट धरतो."

"आमाला सुट्टीच्या दिशी बायको-पोरं हायेत, भाऊ!"

सगळे हसतात. प्रबुद्धही हसतो आणि अर्धा चहा ठेवून उठतो.

मागच्या हिवाळ्यात तळेघरच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या तुकाबाईचा वनहक्काचा दावा फेटाळला गेला. आजेसासऱ्याच्या वेळेपासून त्यांची मेंढरं तिथं बसायची, पुढं तिथंच नाचणी पिकू लागली. समितीनं लेखी कळवलं : तीन पिढ्यांचा पुरावा नाही. अपिलाला साठ दिवस.

"मेंढरांना कागद कोण देतंय?" तुकाबाई म्हणाली. जमीन गेली तर लेकाच्या भोसरीच्या खोलीत जाऊन राहायचं, एवढंच तिच्या हातात होतं. "तितं माजं बोलायला कोण हाय? भिंती?"

मी प्रबुद्धला गाठलं. तो म्हणाला, "मला ठाऊक नाही, ताई. शनिवारी विचारून येतो."

माझं डोकं फिरलं. वकील, आणि ठाऊक नाही?

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. जेवणाची सुट्टी होती. मागं ताटांचा, हसण्याचा आवाज. शहरातले वकील आपापल्या टोळक्यात, आणि हा ताट घेऊन भिंतीपाशी उभा असणार. फोन करायला मीच होते. "ताई, कागदच पाहिजे असं न्हाई! जुनी विहीर, थडगी, देवाची जागा, घातलेला बांध, हे पुराव्यात धरतात. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पण. नियमातच लिहिलंय!"

नियम पंधरा वर्षांहून जुना. कायदा मी माझी मी वाचून शिकले, याचा मला केवढा तोरा! ते पान मी कधी उघडलंच नव्हतं.

तुकाबाईच्या बांधात सासरच्या पूर्वजांच्या नावानं बसवलेले तीन दगड होते. शेवाळलेले, निम्मे मातीत. अपील दाखल झालं, पाहणीची तारीख आली, तसा मी तिला निरोप दिला, "दगड बघायला साहेब येणारेत. नीट ठेव."

तिनं नीट ठेवले. आदल्या दिवशी आम्ही चढून गेलो, तर तिन्ही दगड उपटून, घासून, शेंदूर फासून नव्याकोऱ्या सिमेंटच्या ओट्यावर.

"सायेब येनार," ती कौतुकानं म्हणाली. "देव मातीत कसं ठिवायचं?"

मी तिच्यावर ओरडले. मग प्रबुद्धवर. "घ्या तुमची परिषद! हे कालच बसवलेले दगड दिसतायत!"

तो बांधात उतरला आणि दगड उपटलेले तीन खड्डे बघून आला. मग म्हणाला, "परिषदेत दुसऱ्या दिवशी एक बाई बोलल्या व्हत्या. पुराव्याला हात लागला असंल तर लपवू नका, समोरच्यानं विचारायच्या आधी तुमीच सांगा. तुकाबाई, जुन्या खड्ड्यांना आता हात लावू नका. आन् उद्या काय घडलं ते तुमीच बोला."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "म्या हालवलं. आदी हितं व्हतं." बांधात तीन खड्डे होते, आणि शेजारच्या हिरड्याची जाड मुळं त्यांना वळसा घालून गेली होती. वस्तीवरच्या नव्वदीच्या सोमाजीबाबांचा जबाब लिहून घेतला. तुकाबाईच्या आजेसासऱ्याचा दगड बसवला तेव्हा ते बापाच्या खांद्यावर होते.

एप्रिलमध्ये दावा मंजूर झाला.

"नशीब लागतं राव," टपरीवर सुनील वकील म्हणाला. प्रबुद्धनं अर्धा चहा ठेवला.

तुकाबाई तिच्या डोंगरावर आहे. तिनं प्रबुद्धला पायलीभर नाचणी पाठवली होती. मी शिनोलीला त्याच्या घरी गेले तर पिठाचा डबा भरलेलाच. "एकट्याला कितीक भाकरी लागतात, ताई," तो म्हणाला आणि परिषदेची वही काढून बसला.

त्याच डोंगरात आणखी अकरा जणांना तसंच पत्र आलंय. त्यांचे वकील वेगळे आहेत, त्यांचे साठ दिवस चालू आहेत, आणि ते पान त्या वकिलांनीही उघडलेलं नाही. एकटा माणूस कुठवर पुरेल?

येत्या शनिवारी परिषद आहे. तुम्ही वकील असाल तर पहाटे शिनोलीच्या थांब्यावर या, नसाल तर तुमच्या वकिलाला पाठवा. प्रबुद्ध खिडकीशी बसतो, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतो. त्याला ती पिशवी उचलायला सांगा, आणि तिथं बसा.