मुरमाच्या खाणीवरचे तीन दिवे

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी वाचते ते हसायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागं पावलं वाजतात... आणि प्रत्येकाची सुरुवात "माझा विश्वास नव्हता" अशीच. आज तेच वाक्य लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. तर, माझा विश्वास नव्हता. भुताखेतांवर नव्हताच, आणि आभाळातल्या अनोळखी वस्तूंवर तर मुळीच नव्हता. कारण आभाळात वस्तू उडवणं हा माझाच धंदा आहे!

मी फवारणीचं ड्रोन चालवते. बचत गटातून ट्रेनिंग घेतलं, परवाना काढला, आता सोयाबीनच्या दिवसांत मला जेवायला फुरसत नसते. गाव मुखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या कडेचं. खाली वस्ती, मागं डोंगर, डोंगरावर गायरान. ट्रेनिंगला जाते म्हणाले तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एकटे मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "जाऊ द्या तिला. मशीन काय बाई-बाप्या बघत न्हाई." आणि स्वतः मला एसटीत बसवून आले. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे.

दोन वर्षांखाली आमच्या भागात ड्रोनची अफवा पसरली होती, तुम्हाला आठवत असेल. चोर म्हणे ड्रोनमधून घरं हेरून ठेवतात. गावोगाव माणसं काठ्या घेऊन गस्त घालायची, लांबून विमान गेलं तरी ताटं बडवायची. मला तर येता-जाता टोमणे. मी सांगून थकले... अहो, या मशीनची बॅटरी दहा मिनिटांत बसते, आवाज असा की शेजारच्या शिवारातली बैलं बुजतात, चोर कशाला ही पीडा घेऊन फिरेल? पण कोण ऐकतंय!

त्याच वर्षी गणपती उठून आठेक दिवस झाले होते. आमची मैना नावाची देवणी गाय गाभण होती, दिवस भरत आलेले. सकाळी गायरानात सोडलेली ती दुपारी परतली नाही, म्हणून मामा तिला बघायला डोंगरावर गेले. सहा वाजले तरी गाय नाही, मामा नाहीत, फोन लागत नाही. मामांचं वय सत्तरीच्या पुढं, त्यात शुगर. आमचे पोलीस पाटील व्यंकटभाऊजी पाच-सहा माणसं घेऊन ओढ्याकडचा सगळा उतार धुंडाळून आले, कारण गाय रोज तिकडंच पाण्याला जायची. तिथं कुणी नव्हतं. एकदा अंधार पडला की त्या डोंगरावर शोध घेणं संपलं, हे प्रत्येकाला माहीत होतं. नवरा लातूरहून निघाला होता, पण त्याला पोचायला तीन तास. आत्याबाई, माझ्या सासूबाई, देवापुढं बसून होत्या. मी पुन्हा पुन्हा मामांचा फोन लावत होते.

तेवढ्यात व्यंकटभाऊजी तणतणत दारात आले.

"वहिनी, आधी ते ड्रोन खाली घ्या! इथं माणूस सापडंना, आन तुम्ही..."

"कुठलं ड्रोन?"

"डोंगरावर तीन दिवे हायत की! तुमचे न्हाईत तर कुणाचे?"

मी बाहेर धावले. सूर्य नुकताच बुडालेला, आभाळात अजून तांबडं होतं. ओढ्याच्या अगदी उलट अंगाला, माथ्याच्या वर, तीन दिवे. एका ओळीत, भाकरीएवढे गोल, पिवळट पांढरे. हलत नव्हते, लुकलुकत नव्हते, आवाजाचं तर नावच नाही. मी भाऊजींना आत नेलं आणि कोपऱ्यात पंख मिटून ठेवलेलं माझं ड्रोन दाखवलं. बॅटऱ्या चार्जरवर होत्या.

भाऊजींचा चेहराच बदलला. "मग चोराचंच हाय! चला रे!"

झालं, अर्धं गाव काठ्या घेऊन त्या दिशेला सुटलं. मी ओरडून सांगत होते की हे ड्रोन नाही, इतका वेळ ते एका जागी थांबूच शकत नाही... पण पाय माझेही त्यांच्यामागं धावत होते. वर कुणी निरपराध वाटसरू यांच्या तावडीत सापडला तर, ही एक भीती. आणि दुसरं म्हणजे, मामांना शोधायला डोंगराचं तेवढंच एक अंग उरलं होतं.

चढायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ दिवे जागचे हलले नाहीत. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यात नुसतं करडं आभाळ आलंय. माथ्याखाली मुरमाची जुनी खाण आहे, आता तिकडं कुणी फिरकत नाही. आम्ही खाणीपाशी पोचलो आणि दिवे गेले. विझले म्हणावं तर तसं नाही, उडून गेले म्हणावं तर तसंही नाही. होते, आणि मग नव्हते. सगळे आभाळाकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात गाय हंबरली.

मैना खाणीच्या काठावर उभी होती, पायाशी ओलं वासरू. आणि खाली, दोन माणसांच्या उंचीइतक्या खोल खड्ड्यात, मामा! पाय मोडलेला, ओठ कोरडे पडलेले, पण शुद्धीवर. चोराला बडवायला आणलेल्या काठ्यांना माणसांनी धोतरं बांधली, झोळी केली आणि मामांना वर काढलं. व्यंकटभाऊजींनी वासरू खांद्यावर घेतलं. मी तिथंच बसून लहान मुलीसारखी रडले.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळपर्यंत उशीर झाला असता.

चौथ्या दिवशी दवाखान्यात मामांना मी विचारलं, "दिवे तुमच्या अगदी डोक्यावर होते. कसले होते हो?"

"कुठले दिवे, बाई?"

"अहो, सगळ्या गावानं बघितले!"

"मी तर दुपारपासून उताणा पडून आभाळाकडंच बघून राहिलो होतो. कायबी न्हवतं. म्हणून तर लई भ्याव वाटलं."

माझ्या अंगावर काटा आला, आजही येतो. शुक्र म्हणाल तर तो एकटा असतो. उपग्रहांची रांग म्हणाल तर ती सरकते. आकाशकंदील वाऱ्यानं वाहत जातात. व्यंकटभाऊजी अजून म्हणतात, चोरच होते, आम्हाला बघून पळाले. आत्याबाईंचं उत्तर देवघरात आहे. परवाना असलेल्या माझ्यापाशी मात्र एकही उत्तर नाही, आणि तसं कबूल करायला आता लाजही वाटत नाही.

मामा आता काठी टेकत शेतापर्यंत येतात. मागच्या आठवड्यात बांधावर बसून चहा घेताना मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, सगळ्यांना दिसले आणि तुम्हालाच कसे दिसले नाहीत? मामा बशीतला चहा फुंकत हसले.

"मला दिसून काय उपेग होता, बाई? मी कुठं हाय ते मला ठावंच होतं की."