सिंकच्या क्लिपा आणि लाल टेपचा पाना

किस्से साठायला वेळ लागत नाही, ऐकायला माणूस मिळायला लागतो. ग्रॅनाइटची धूळ कितीही झटका, खिशाच्या कोपऱ्यात उरतेच, तसे आमच्या धंद्यातले किस्से. पूर्वी मी आणि माझा जोडीदार जब्बारभाई माजलगावच्या दुकानातून एकाच मोटरसायकलवर निघायचो आणि साईटवर पोचेपर्यंत चार किस्से सांगून व्हायचे. आता भाई पोराकडे पुण्याला गेला. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी बोलायला भिंती आहेत. तेव्हा तुम्ही सापडलाच आहात तर बसा, चहा सांगतो!

आमचं काम म्हणजे किचनच्या ओट्याला सिंक बसवणं. जुनं सिंक दगडावर वरून बसायचं. आता फॅशन आहे ती दगडाच्या खालून लटकवायची. वरून काठ दिसत नाही. खाली चिकटवायला सिलिकॉन, चारी बाजूंना क्लिपा, आणि सगळा भार नटांवर.

* * *

असलं पहिलं सिंक आम्ही साखर कारखान्यातल्या एका साहेबांकडे बसवलं. साहेबांनी ओट्यावरून हात फिरवला आणि चेहरा पाडला.

"काठ कुठाय बे?"

"खाली हाय साहेब."

"खाली? आन मग शेजाऱ्याला दिसनार कसा?"

जब्बारभाई गंभीरपणे म्हणाला, "शेजाऱ्याला ओट्याखाली झोपवा साहेब. तिथून लई भारी दिसतंय!"

* * *

भाईचा सिलिकॉनवर फार जीव. एका घरी सिंक चिकटवून तो मालकिणीला म्हणाला, "आता यात हत्ती बसवा भाभी!" भाभींनी हत्ती नाही, पाण्याने भरलेली घागर ठेवली. धाडकन सिंक खाली, घागर आडवी, स्वयंपाकघरात तळं!

सगळे भाईकडे बघायला लागले. भाईने खिशात हात घातला, तर क्लिपांची पुडी तशीच. ती सगळ्यांना दाखवत तो म्हणाला, "देखा? इसीलिए क्लिप लगती है!"

* * *

वडवणीचा किस्सा मात्र मी हसत सुरू करतो आणि मधेच अडखळतो. तिथे एक रिटायर कंडक्टर एकटे राहायचे. सिंक बसवलं की सिलिकॉन सुकेपर्यंत आम्ही खालून लाकडाचा टेकू देतो. भाई त्यांना म्हणाला, "याला हात लावू नका. काढायला आमीच येतो." आणि आम्ही साफ विसरलो.

पुढे कधीतरी शेजारच्या घरी काम निघालं म्हणून डोकावलो, तर टेकू तिथंच! कपाटाचं दारही त्याला वळसा घालून कापून घेतलेलं.

"काका, एका दिवसाचं काम होतं. काढून फेकायचा की!"

"तुमी म्हनलात आमी येतो. दिवाळीला पोरगी बोलवीत होती, तर न्हाई गेलतो. आमी गावाला अन तुमी दारात, असं नको व्हाया."

टेकू काढला तेव्हा त्यांचाच चेहरा पडला.

* * *

आमचं दोघांचं शेवटचं काम अंबाजोगाईला, कांबळे सिस्टरांकडे. सिस्टरांचा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेला. आम्ही ओट्याखाली आडवे झालो की त्या शेजारी उभ्या. मी नुसता हात बाहेर काढायचा, की तळहातावर चटकन हवं ते हत्यार! काम संपलं की सगळी हत्यारं मोजायच्या. "पोट शिवायच्या आधी मोजावंच लागतं. एक जरी आत राहिलं तर?"

पोरगा परदेशात. हे सिंक त्याचीच हौस. त्याने व्हिडिओ कॉल लावला. सिस्टरांनी नवी साडी नेसलेली, केस विंचरलेले. तो म्हणाला, "आई, फोन ओट्याखाली धर. क्लिपा दाखव." एकेक क्लिप झाली, नट झाले, सिलिकॉन झालं. "मस्त! चल, मीटिंग आहे," म्हणून फोन बंद.

सिस्टर फोनकडे बघत म्हणाल्या, "क्लिपा बऱ्या दिसल्या असतील ना रे त्याला?"

* * *

पुण्याला जाताना भाईने मला त्याचा पाना दिला. मुठीला लाल टेप गुंडाळलेला, त्याच्या घामाने काळपट झालेला. "माझी याद म्हणून ठेव."

आठवड्याने नट पुन्हा आवळायला जायची आमची पद्धत. सिस्टरांकडे एकटाच गेलो. आवळले, त्यांनी हत्यारं मोजली, "बरोबर आहेत" म्हणाल्या. घरी येऊन बघतो तर लाल टेपचा पाना गायब! पिशवी उलटी केली, गाडीची डिकी उपसली. रडू आलं, खरं सांगतो. भाईला फोन लावला.

"भाई, तुझा पाना हरवला."

"पाना जाऊ दे बे. तू जेवला का?"

जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

* * *

त्यानंतर सिस्टरांचा फोन. "दत्तू, सिंक हलतंय." गेलो तर सगळे नट ढिले! मी नवा पाना चालवला, स्प्रिंग वॉशर टाकले. आता नट आपोआप सुटायची बातच नाही. सिस्टरांनी गरम उपीट केलेलं. समोर बसून खाऊ घातलं, थिएटरमधल्या गोष्टी सांगितल्या. निघताना म्हणाल्या, "घर कसं आज भरल्यासारखं वाटलं."

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. "दत्तू, हलतंय रे."

गेलो. पुन्हा उपिटाचा वास. ओट्याखाली आडवा झालो. नट ढिले, वॉशर जागच्या जागी. नवा पाना पिशवीतच राहिलेला. सवयीने हात बाहेर काढला.

"पाना!"

चटकन तळहातावर पाना आला.

मुठीला लाल टेप.

मी तसाच पडून राहिलो. वर सिस्टरांच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. मग मी एकेक नट नीट आवळला, बाहेर आलो, पाना ओट्यावर ठेवला, हात धुतले, उपीट खाल्लं. दुसऱ्यांदाही घेतलं.

निघताना पिशवी उचलली. सिस्टर दारात आल्या. डोळे खाली.

"दत्तू, हत्यारं मोजली मी. एक ओट्यावर राहिलंय."

"न्हाई सिस्टर," मी गाडीला किक मारत म्हणालो, "माझी बरोबर हायती."