दारू : होय

पहिला संशय आला तो शाईचा. यकृताच्या कर्करोगावर मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत पीएचडी करते. गाठींचे नमुने अकोल्याच्या एका रुग्णालयातून येतात, बर्फाच्या डब्यात, आणि प्रत्येकासोबत एक फॉर्म. दारू पिणाऱ्यांच्या गाठींत एक जनुक जास्त काम करतं, न पिणाऱ्यांच्या गाठींत कमी, असा माझा निष्कर्ष होता. शोधनिबंध लिहून तयार होता. पाठवण्याआधी फॉर्म पुन्हा चाळले, तर सगळ्या पुरुषांपुढे ‘दारू : होय’ आणि सगळ्या बायकांपुढे ‘नाही’. एकाच पेनाने, एका बैठकीत भरल्यासारखं.

मी माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. म्हटलं, हा फरक दारूचा नसून पुरुष आणि बाईचा असला तर? सर म्हणाले, पेशंट खोटं बोलतात, म्हणून वॉर्डातले डॉक्टर हा रकाना अंदाजानेच भरतात, सगळीकडे तसंच चालतं.

“मग सगळ्या बायका तेवढ्या खरं बोलल्या?”

सरांनी फॉर्म पुन्हा चाळले. मग म्हणाले, “आठ दिवस देतो. जा, विचारून ये.”

वडील अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि ती गल्लोगल्ली वाटत मी मोठी झाले. आधी पुरावा दाखवा, हे वाक्य मी बालभारतीच्या आधी वाचलं होतं. आणि दोन वर्षं मी दुसऱ्याच्या अंदाजावर आलेख काढत होते.

अकोल्याच्या वॉर्डात पहिले भेटले ते अकोटकडचे, भाजीपाला करणारे एक काका, गाठ काढून घरी गेलेले आणि आता पुन्हा भरती झालेले. शेजारी काकू, त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या. मी फॉर्म काढून विचारलं, दारू कधीपासून घेता?

“जलमात पेलो नाही,” काका म्हणाले. “तुमच्या कागदानं पाजली मले.”

फॉर्मची नक्कल त्यांच्या फायलीत होती. जावयाने ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी काकू त्यांच्यासोबत भाजीच्या गाडीत बसून जायच्या. शेतात खताच्या पोत्यांमागे बाटली शोधायच्या. काका घरी आले की आधी तोंडाचा वास घ्यायच्या. हे काकूंनीच मला सांगितलं, शेजारच्या कुणाबद्दल सांगावं तसं.

“डाक्टर काहून खोटं लिवतीन?” त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर माझाही काकांवर विश्वास बसला नाही. बोलताना मी त्यांचे हात थरथरतात का ते पाहत होते.

बाकीच्यांनाही विचारलं. बरेच ‘होय’ डळमळले आणि एका म्हातारीने तिच्यापुढचा ‘नाही’ हसून खोडायला सांगितला. तो रकानाच निकामी होता. शोधनिबंध सरांनी स्वतः थांबवला, पण मला काकांचं ‘जलमात पेलो नाही’ सोडेना.

त्यांच्या गाठीचा थोडा नमुना उरला होता आणि संशोधनाला त्यांची संमती होती. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षं दडून राहू शकतो, कर्करोगही घडवू शकतो. त्यांच्या रक्ताच्या साध्या तपासणीत तो दिसला नव्हता आणि फॉर्मवर दारू लिहिलेली असल्यामुळे पुढे कुणी शोधलं नव्हतं. मी गाठीतला डीएनए काढून त्यात विषाणूचा तुकडा शोधला. जेलवर पट्टी उमटली, विषाणू असल्याची खूण. मला ती खोटी वाटली. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा सगळी रसायनं नवी उघडून केलं. पट्टी तिथेच.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी वेगळी तपासणी करून खात्री केली. सांगायच्या वेळी त्यांनी मला बोलावलं. काका म्हणाले, हिच्यासमोरच सांगा.

सगळं ऐकून काकूंनी मला विचारलं, “म्हंजे हे पेत नव्हते?”

“थे मले मशीन नाही सांगत, काकू. पन या रोगाले दारू लागतेच असं नाही.”

काकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. त्यांना साधं ‘नव्हते’ हवं होतं. माझ्याकडे त्याचा पुरावा नव्हता, मी ते म्हटलं नाही.

मग डॉक्टरांनी विषाणू कसा पसरतो ते सांगितलं. आईकडून बाळाला, एकाच सुईने, न्हाव्याच्या ब्लेडने, नवरा-बायकोत. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं, असंही म्हणाले. काकूंच्या चेहऱ्यावर जुना संशय जाऊन नवा येताना मला दिसला.

“मंग यायनं हा आनला कुठून?”

“आता नाही सांगता येत,” डॉक्टर म्हणाले. “यायच्या आईपासून असन. तुमच्यापासूनही असू शकते.”

काका उशीवरून उठून बसले.

“तिच्यावर नका जाऊ, साहेब,” ते म्हणाले. “थे तशी बाई नाही.”

पुरावा त्यांनी मागितलाच नाही. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी बाही वर केली.