यमुनाक्कांची वर्गणी

मंगलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. तिने मला फोन करण्याचे दिवस कधीच संपले होते, म्हणून तर घाईने उचलला. "अक्का गेल्या की ओ. सकाळी चहा पिऊन आडव्या झाल्या, उठल्याच नाहीत बगा." मी "सरी" म्हटलं. रिक्षावाल्याला, वॉचमनला दिवसभर म्हणते तसं... सरी, म्हणजे कन्नडात ठीक आहे. मग स्क्रीन शेअर करून उरलेलं प्रेझेंटेशन पूर्ण केलं. कुणाला काही कळलं नाही, मलाही कळलं नसावं. आता सहा आठवडे झाले. मी अजून रडलेले नाही. दातांच्या डॉक्टरने बधिर केलेल्या गालासारखं काहीतरी झालंय, आणि ते उतरायचं नाव घेत नाही.

यमुनाक्का माझ्या नात्यातल्या नव्हेत. चामराजपेटच्या एका गल्लीत त्या ब्लाउज शिवायच्या; पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. घराणं मराठी, पण काही पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी वाक्य निम्म्या वाटेवर कन्नडात शिरायचं आणि सवडीने परत यायचं. रविवारी दुपारी त्या पुढच्या खोलीत घरकाम करणाऱ्या बायका जमत. प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देई. आठवड्याची एक सुट्टी मागितली म्हणून कामावरून काढलेल्या बाईला दुसरं घर मिळेपर्यंत त्यातून रेशन मिळे, लेबर ऑफिसला जायचं बसभाडं निघे, धरण्याच्या दिवशी मंडप आणि माइक येई. एकदा कुठल्याशा कंपनीचे लोक आले होते. धरणं सोडून बाकी सगळ्याला भरपूर पैसे द्यायची त्यांची तयारी होती. अक्कांनी त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

मला तिथे नेलं मंगलने. ती बेळगावकडची, बेळ्ळंदूरला माझ्या घरी स्वयंपाक करायची. पुण्याहून आलेल्या मला या शहरात मराठीत रागावणारं माणूस ती एकटीच. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "अक्का, मला डोनेशन द्यायचंय." त्यांनी काजाला टाका घालता घालता विचारलं, "देणगी का? ती देवळात दे. इथं वर्गणी असते."

"फरक काय त्यात?"

"देणगी दिली की माणूस घरी जातो. वर्गणी दिली की बसावं लागतं. सुम्ने, उगीच आपलं पैसे ठेवून जायचं नाही."

मग मी बसले. दोन वर्षं, बहुतेक सगळे रविवार. पत्रं टाइप करून दिली, बायकांची भांडणं ऐकली, माझ्या नोकरीची रडगाणी गायले. त्या खोलीत मला कुणी मोठी मानलं नाही याचा मला फार आनंद होता, हे आता लिहिताना स्वतःचीच थोडी लाज वाटते.

आणि मग आमच्याच सोसायटीत काम करणाऱ्या बायकांनी सुट्टीसाठी अर्ज दिला. त्यावर मंगलचीही सही होती. कमिटीने सभा बोलावली आणि ठराव आणला की सह्या करणाऱ्यांचे गेटपास रद्द करायचे. आदल्या दिवशी अक्कांचा फोन आला होता. "तुझ्याच घरचं आहे. आमच्यातलं कुणी त्या सभेत येऊ शकत नाही, तू बोल." मी हो म्हटलं. क्लबहाउसमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले होते. चेअरमनने विचारलं, कुणाचा आक्षेप आहे का? शेजारी ज्यांच्या गाडीतून मी रोज ऑफिसला जाते त्या बाई बसल्या होत्या. मागे माझ्या मुलीच्या मैत्रिणींच्या आया. मी मांडीवरच्या फोनकडे बघत राहिले. घाबरले होते, दुसरं काही कारण नाही. ठराव पास झाला आणि दुसऱ्या दिवशी मंगलला गेटवरूनच परत पाठवलं.

पुढच्या रविवारी मी नेहमीपेक्षा जाड पाकीट घेऊन गेले. अक्कांनी ते हातातही घेतलं नाही. "हे देणगीचं दिसतंय," म्हणाल्या. आवाज चढला नाही. मग टेप काढून त्यांनी माझ्या ब्लाउजचं राहिलेलं माप घेतलं, आणि मी घरी आले. त्यानंतर आठ महिने मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मला अपमान वाटला होता. मंगलला जे. पी. नगरला काम मिळेपर्यंत तिच्या घरी याच वर्गणीतून तांदूळ जात होता, आणि मी इकडे बाहेरून डबा मागवून फुरंगटून बसले होते.

मागच्या रविवारी शेवटी गेले. मशीन होती तिथेच होती, खिडकीत दोऱ्याची रिळं तशीच. बायकांनी मला बघितलं, मग आपापलं बोलायला लागल्या. मी मंगलला सांगितलं की सोसायटीची वार्षिक सभा येतेय. गेटपासचा विषय मी काढीन.

"काढून काय बोलणार?"

"बोलेन गं... जे बोलायचं ते."

"मग इथं बोलून दाखवा."

अक्कांची ही जुनी रीत. कुणीही बाई साहेबासमोर जायची असली की आधी याच खोलीत तिला उभं करायचं, आणि अक्का स्वतः साहेब होऊन मशीनच्या स्टुलावर बसायच्या, अगदी उर्मट चेहरा करून. किती जणींना मी तिथे चाचरताना पाहिलंय, आणि टाळ्याही वाजवल्यात. आता मंगल त्या स्टुलावर बसली. हसली नाही. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

"कुणाचा आक्षेप आहे का?" तिने विचारलं.

मी उभी राहिले, हात वर केला. दिवसाला चार-चार मीटिंगांत बडबडणारी मी... माझ्या तोंडून "मला" एवढंच निघालं आणि पुढे आवाजच फुटेना. मंगल वाट बघत होती. या बाईची नोकरी माझ्या गप्प बसण्याने गेली होती.

"बसा," ती म्हणाली. मी बसले. तिने पदराने मानेवरचा घाम पुसला आणि पुन्हा चेहरा कडक केला.

"परत उठा."