कुत्रं भुंकलं तरी

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कुणाबद्दल लिहावं एवढी माझी पायरी नाही. मामूंना ओळखणाऱ्यांनी चुकलंमाकलं पोटात घालावं.

मामू उमरीचे. प्रोजेक्टर सायकलला बांधून गावोगाव एकच मुका सिनेमा दाखवायचे. त्यात एक फाटका भटक्या आणि त्याचं कुत्रं. दोघं पाव चोरत, पोलिसाला दमवत. भूकंपानंतर आमचं गाव पत्र्याच्या शेडांत राहायचं. शेडांपुढच्या मैदानात मामू पडदा बांधत.

शेवटाच्या जरा आधी ते कुत्रं भुंकायचं. आवाज नाही, तोंड तेवढं हलायचं. पण भूकंपाच्या आधी गावातली कुत्री भुंकली होती, हे कुणी विसरलं नव्हतं. पडद्यावर तोंड उघडलं की लोक पोरं उचलून पळत. मैदानातून शेडांत, आणि वर छत आहे हे आठवलं की पुन्हा मैदानात. तोवर रीळ संपलेलं. शेवट कुणीच पाहिला नाही.

एकदा मामू पडद्याशेजारी बसून कुत्र्याच्या वतीनं बोलले, "बसा, बसा. भाकर मागून राहिलंय ते."

आमची काशीआजी उठता उठता म्हणाली, "त्या राती आमचा खंड्या बी भाकरच मागून राहिलाय, असं समजून झोपलो होतो, मामू."

त्यानंतर मामू कुत्र्याच्या वतीनं कधी बोलले नाहीत. रिळातला तेवढा तुकडा कापून टाका, असं सरपंचांनी सुचवलं. मामू म्हणाले, "मुक्या जनावराची जबान कापू? बसतील लोक. मी येत राहतो."

पुढं मी शिकवणीसाठी लातूरला आलो. एकदा मामू क्लासच्या दारात भेटले. खिडकीतून आत बघत राहिले. खुर्च्यांना खुर्च्या लागलेल्या, पोरं मान हलवत नव्हती. "तुमच्या सरांना आमच्या गावी पाठव, बेटा," ते म्हणाले. "माणसं बसवायचा इल्म हाय त्यांच्याकडं." मी सिनेमाचा शेवट विचारला. "सांगितलेला शेवट शिळा असतो. बसून बघ."

परवा चुलतभावाचा फोन आला. गाव पक्क्या घरांत गेल्यावर मामू येऊन गेले होते. कुत्रं भुंकलं. लोकांनी काशीआजीकडं पाहिलं. ती पदर सावरून बसूनच राहिली, म्हणून सगळे बसले. सिनेमा संपला तरी मामू कितीतरी वेळ पांढऱ्या पडद्याकडं बघत होते म्हणे. मग उमरीला गेले, आणि पंधरवड्यात वारले.

मी विचारलं, सिनेमात पुढं काय होतं?

"तू न्हवतास ना," तो म्हणाला. "न बसणाऱ्याला सांगू नका, असं मामू सांगून गेलेत."